वाऱ्याची वसुली

आषाढात सायकलवरून कामाला जाणाऱ्या माणसाची लोकांना दया येते ती पावसामुळे. दया चांगली आहे, पत्ता चुकलाय. पावसाशी तह करता येतो. रेनकोट चढवला, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, कोरडे मोजे बॅगेत टाकले की तुम्ही तुमच्या वाटेला, तो त्याच्या. वारा तह करत नाही. तो वसुली करतो.

जून ते ऑगस्ट पुण्यावर पश्चिमेच्या वाऱ्याचं राज्य असतं. पाण्याचा मोठा वाटा घाटमाथ्यावर उतरवून हा गडी हात हलवत गावात शिरतो, सकाळी जरा दबून असतो आणि दुपारनंतर मोकाट सुटतो. पाऊस आला की माणसं दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहतात, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलतात, भजी कुठे मिळतील याची चौकशी करतात. वाऱ्यासाठी पत्र्याखाली थांबलेला माणूस कुणी पाहिलाय? ऑफिसातही तीच तऱ्हा. 'पाऊस होता' हे कारण आहे. 'ट्रॅफिक होतं' हे कारण आहे. 'मेट्रोचं काम चालू आहे' हे तर पिढीजात कारण आहे. 'समोरून वारा होता' असं एकदा सांगून बघा. साहेब आधी खिडकीकडे बघतात, मग तुमच्याकडे. खिडकी बंद असते, एसी चालू असतो. वारा कुठाय?

यापेक्षा संतापजनक असतो तो दिलासा. "अहो, जाताना समोरून असला तर येताना पाठीवर मिळेल की! हिशेब बरोबर!" हे सांगणारे काका स्वतः चारचाकीत असतात आणि काच चार बोटं खाली करून सांगतात. तर काका, हिशेब करूनच टाकू. घर ते ऑफिस १० किलोमीटर. वारा नसताना वेग ताशी १५ किलोमीटर. जायला ४० मिनिटं, यायला ४०, एकूण ८०. आता समोरच्या वाऱ्यानं वेग १० वर आणला आणि येताना पाठीवरच्या वाऱ्यानं २० वर नेला. तुम्ही म्हणाल, सरासरी १५ च आली. पण जायला लागतो एक तास आणि यायला अर्धा. एकूण ९० मिनिटं. वरची १० मिनिटं कुणी खाल्ली? वाऱ्यानं. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, पाठीवरच्या वाऱ्यात कमी. संसारातलंही गणित साधारण असंच आहे, पण ते काकांनाही पाठ आहे.

ही झाली वेळेची बाजू. दमाची बाजू याहून वाईट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी १५ नं निघालात आणि समोरून वाराही १५ चा असला, तर अंगावर येणारी हवा झाली ३० ची. हवा दुप्पट, विरोध चौपट. तोच वारा येताना पाठीवर घेतला तर अंगावर येणारी हवा शून्य आणि विरोधही शून्य. म्हणजे वेग तोच राखायचा म्हटलं, तर वारा जाताना तीन पट जादा घेतो आणि येताना एक पट सोडतो. असलाच व्यवहार करणाऱ्या सावकारांच्या वह्या १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी जाळल्या होत्या. वाऱ्याच्या वह्या हाती लागत नाहीत, एवढीच अडचण.

बरं, आडवा वारा तरी तटस्थ असेल? छे. तुमच्याच वेगाचा वारा बरोबर काटकोनात आला, तरी पुढे जाण्याला होणारा विरोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो. बाजूला ढकलतो ते वेगळं. सगळ्या दिशांची मोजदाद केली तर निम्म्याहून जास्त दिशांचा वारा सायकलवाल्याच्या विरोधातच मतदान करतो. फेरमोजणीची सोय नाही.

प्रात्यक्षिक हवं असेल त्यांनी म्हात्रे पुलावर यावं. संध्याकाळी, कर्वे रस्त्याकडून नवी पेठेकडे जाताना. शेवटच्या इमारतीचा आडोसा सुटतो आणि नदीच्या पात्रावरून मोकळा आलेला वारा उजव्या अंगावर आदळतो. हँडल हातात असून हातात नसतं. रेनकोटची पाठ टम्म फुगते, टोपी मागे उडून दोरीनं गळ्याला लटकते, कॅरियरला बांधलेली बॅग एका बाजूला कलते. कानात असा घूंऽऽऽ भरतो की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि पुण्यात हॉर्न ऐकू न येणं म्हणजे केवढा वारा ते समजून घ्या. तोल राखायला तुम्ही वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे रेलता. तेवढ्यात उजवीकडून बस येते. बस आली की वारा एकदम बंद. ज्याच्यावर रेलला होतात तोच नाहीसा, म्हणून तुम्ही बसकडे झुकता. कसेबसे सावरता, बस पुढे निघते आणि साठवून ठेवल्यासारखा सगळा वारा पुन्हा येऊन तुम्हाला कठड्याकडे ढकलतो. पूल संपला की मागून येणारा दुचाकीवाला विचारतो, "काय काका, सरळ चालवता येत नाही का?"

वारा मोजायची एक जुनी पट्टी आहे. १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी ती बांधली, ती जहाजाच्या शिडांवरून. जमिनीवरच्या खुणा नंतर ठरल्या. पाचला पालेदार लहान झाडं डोलू लागतात. सहाला छत्री सांभाळणं अवघड जातं. सातला वाऱ्याविरुद्ध चालणं जड होतं. शिडाचा विचार झाला, छत्रीचा झाला, पायी चालणाऱ्याचा झाला. सायकलवाल्याचा कुणी केला नाही. ही उणीव पुण्यानं भरून काढावी, कारण उणिवा काढणं आपल्याला जमतं. माझा मसुदा असा. श्रेणी दोन: टपरीच्या ताडपत्रीला वाचा फुटते, सायकलवाला शीळ घालत असतो. श्रेणी तीन: शीळ बंद. श्रेणी चार: कॉलेजची मुलगी ओढणी कमरेला गाठ मारून घेते, डबलसीट बसलेल्या मित्राला उतरवलं जातं. श्रेणी पाच: फिरायला निघालेले आजोबा सायकलवाल्याला मागे टाकतात आणि "आज निवांत?" म्हणून विचारतात. श्रेणी सहा: उतारावरही पायडल मारावं लागतं. श्रेणी सात: सायकल हातात धरून चालणं, आणि ओळखीचं कुणी भेटलं तर पंक्चर झाल्याचं सांगणं. श्रेणी आठ: घरून काम करत असल्याचा मेल.

हा मसुदा मी शिवाजीनगरला नेऊन देणार आहे. हवामान खात्याचं मोठं कार्यालय १९२८ पासून तिथे आहे. ते सिमल्याहून आलं म्हणून गाव त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतं. खातं वारा मोजतं, अगदी शास्त्रशुद्ध. मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर. सायकलवाल्याचं डोकं असतं दीड-पावणेदोन मीटरवर, आणि मोकळी जागा शहरात आता नकाशातच उरली आहे. बाणेर-बालेवाडीकडे जा. वरच्या थरातला जोरकस वारा वीस-पंचवीस मजली भिंतीवर आदळतो, भिंतीवरून खाली उतरतो आणि इमारतीच्या कोपऱ्यावरून दामटून निघतो. वर राहणाऱ्यांच्या माहितीपत्रकात याला 'क्रॉस व्हेंटिलेशन' म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. खालून जाणाऱ्याला ते फुकट मिळतं.

आणि इशारे? किनाऱ्यावर जोराचा वारा असला की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं खातं सांगतं. योग्यच आहे. सायकलवाल्यांनी कर्वे रस्त्यावर जाऊ नये, असं आजवर कुणी सांगितलेलं नाही. बातम्यांत वाऱ्याचा वेग येतो तो पावसाच्या वाक्याच्या शेपटाला, आणि तेवढ्यात निवेदिका क्रिकेटकडे वळलेली असते.

दिशेचं या शहराला वावडं आहे असंही नाही. फ्लॅट घेताना शेगडी आग्नेयेला हवी, देवघर ईशान्येला हवं. वायव्य ही वायूची दिशा, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आता नकाशा उघडा. आमचं हिंजवडी नेमकं वायव्येला आहे. कोथरूडहून सायकलवर तिथे जाणारा सकाळी सकाळी वायुदेवाच्या दरबारात हजेरी लावायला निघतो. पश्चिमेला राहून पूर्वेला खराडीत नोकरी करणाऱ्याची गोष्ट निराळी. तो सकाळी पाठीवर वारा घेऊन राजासारखा जातो आणि संध्याकाळी वारा ऐन भरात असताना दमल्या पायांनी समोरून झेलत येतो. शेगडीसाठी भिंत पाडायला सांगणाऱ्या एकाही वास्तुतज्ज्ञानं घर आणि ऑफिस यांच्यामधल्या वाऱ्याची विचारपूस केल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा वारकरी शहाणे. आळंदीहून पंढरपूरची वाट आग्नेयेला जाते आणि आषाढीच्या वाटचालीत पश्चिमेचा वारा पताका पुढेच ओढतो. माउलींनी वाऱ्याची दिशा बघून वाट आखली असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, की ऑफिस पंढरपूरला हवं होतं.

वाऱ्यावर खरा उपाय एकच, समोर आडोसा. हे १८९९ सालीच सिद्ध झालं आहे. अमेरिकेत लाँग आयलंडला चार्ल्स मर्फी नावाच्या गड्यानं रुळांच्या मधे फळ्या टाकून घेतल्या आणि धावत्या आगगाडीच्या मागे सायकल हाणली. एक मैल ५७.८ सेकंदांत, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. पाय माणसाचेच, सायकल सायकलच. फरक एवढाच, की समोरची हवा आगगाडीनं अंगावर घेतली. पुण्यातही हा प्रयोग शहर बसच्या मागे चिकटून करणारी पोरं दिसतात. करू नका. बस थांब्याच्या अलीकडे थांबते, पलीकडे थांबते, मनात आलं तर मधेच थांबते, आणि प्रयोग दातांवर येतो.

दुसरा उपाय आडवं होण्याचा. १९३३ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस फोर यानं शार्ल मोशेनं घडवलेल्या, जवळजवळ झोपून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ चा विक्रम मोडला. अंग खाली गेलं, वाऱ्याला धरायला काही उरलं नाही. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं असल्या सायकली बाद ठरवल्या. सायकलवाल्यानं वाऱ्याला टांग मारली की लगेच समिती बसते. वाऱ्यावर मात्र आजवर एकही समिती बसलेली नाही.

"पण आपल्या हवेत सायकल चालायचीच नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी नेदरलँड्स. सपाट देश, समुद्राचा शेजार, वाऱ्याला अडवायला सह्याद्री नाही. तरी तिथल्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. वाऱ्याची त्यांना इतकी सवय की २०१३ साली त्यांनी समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धाच काढली. ओस्टरस्खेल्डेच्या सागरी बंधाऱ्यावर साडेआठ किलोमीटर. सायकल साधी, ताठ बसायची, बिनगिअरची. आणि वारा बोफर्टच्या सातपर्यंत चढला नाही तर स्पर्धाच घेत नाहीत. आमच्याकडे ही स्पर्धा जुलैत रोज भरते. प्रवेश फी नाही, टी-शर्ट नाही, आणि साडेआठ किलोमीटर कापून पोचलेल्या विजेत्याच्या हजेरीवर 'उशिरा' असा शेरा.

आमचे स्पर्धक कोण, तेही बघून घ्या. वर्तमानपत्रात फोटो येतो तो रविवारच्या सायकलपटूंचा. घट्ट कपडे, गॉगल, घराच्या भाड्याहून महागडी सायकल. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ते पहाटे पाचला निघतात, वारा उठायच्या आत, आणि वारा उठेपर्यंत इडली-सांबार खाऊन घरी पोचतात. वाऱ्याची वसुली होते ती कामाच्या वेळेला निघावं लागणाऱ्यांकडून. सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, उपाहारगृहातला पोऱ्या. काळी, जड, बिनगिअरची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, चेनकव्हर चाकाला घासतंय. यांना 'पर्यावरणदूत' असा मान कुणी देत नाही, कारण त्यांना दुसरा पर्याय नाही आणि दूताला आपल्याकडे पर्याय असावा लागतो. वॉचमन पाळीवर उशिरा आला तर वारा बघून त्याचा खाडा माफ होत नाही. रविवारवाल्याची सोसायटीच तो कापते.

शहरानं सायकलसाठी काही केलं नाही, असं म्हणता येत नाही. २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, फोटो निघाले, सायकली गेल्या. सायकल ट्रॅक आले, त्यावर गाड्या लागल्या, पाणीपुरीवाले आले, मग तिथे 'येथे गाड्या लावू नयेत' अशा पाट्या लागल्या आणि पाट्यांच्या आडोशाला आणखी गाड्या लागल्या. आराखड्यात रुंदी आहे, रंग आहे, खुणा आहेत. वारा नाही. रस्ता रुंद करायचा तर पहिली जातात ती कडेची झाडं. वाऱ्याच्या आडवी उभी असलेली झाडांची दाट रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मागचा वारा मंद करते. तीस फुटी झाडांची रांग तीनशे फूट रस्ता राखते, तेही बिनपगारी. ती तोडून आपण सहापदरी मोकळं मैदान करतो आणि मग वारा फार सुटतो म्हणून कुरकुरतो.

झाडाच्या जागी उभं राहतं होर्डिंग. ते वारा अडवतं, पडेपर्यंत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात १२० फूट लांब-रुंद होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. परवानगीच्या मापाला हे धूड कुठेच बसत नव्हतं. तरीही ही देवाची करणी होती, असा बचाव न्यायालयात मांडला गेला. वाऱ्याला वकील नाही, याचा फायदा केवढा!

म्हणून आता मागणी. ती शहरी तज्ज्ञांच्या अहवालातून उचललेली नाही, जळगावहून आणली आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या कडेनं शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ताटी लावलेली असते. का? तर वारा लागला की केळीची पानं फाटून चिंध्या होतात, आणि जोर वाढला की घडासकट झाड मोडून पडतं. म्हणून बाग लावतानाच शेतकरी वारा कुठून येतो ते बघतो आणि त्या बाजूला ताटी घट्ट करतो. घड जड झाला की झाडाला बांबूचा टेका देतो. त्याउपर वादळ आलंच, तर फळपीक विम्यात वेगाच्या वाऱ्याचा धोका धरलेला असतो. थोडक्यात, केळीला आडोसा आहे, आधार आहे आणि विमा आहे. तिच्याकडे उशिराचं कारण कुणी मागत नाही. "येताना पाठीवर मिळेल की," असंही तिला कुणी सांगत नाही.

तेव्हा महापालिकेला नम्र विनंती. सायकलवाल्याला पर्यावरणदूत म्हणू नका, आरोग्याचा पुजारी म्हणू नका, शहराचं भवितव्य तर मुळीच म्हणू नका. नागरिकही समजू नका, त्याचा अनुभव पायी चालणाऱ्यांना विचारा. फक्त केळीचं झाड समजा. पश्चिमेच्या बाजूनं शेवरी लावा, बाकी पायडल आमचं आम्ही मारतो.